विझतो, पण सावकाश

वस्तू पूर्ण बिघडली की लोक हळहळतात, अर्धवट बिघडली की सल्ले देतात. आमच्या गाडीच्या छतातला दिवा एकदाचा गेला असता तर मी सुटलो असतो. पण तो विझायचा. फक्त उशिरा.

दार लावलं की पंधरा-वीस सेकंदांत मंद होत विझायचं, एवढंच त्याचं काम. आमचा दिवा कधी वेळेत विझायचा, तर कधी निघालेल्या पाहुण्यांनी दारात उभं राहून पुन्हा गप्पा सुरू कराव्यात तसा रेंगाळायचा. वॉचमनचा इंटरकॉम यायचा, "साहेब, गाडीत लाईट चालू आहे." मी चपला अडकवून खाली पोचेपर्यंत दिवा विझलेला. मग तो खरंच विझलाय ना, हे काचेला नाक लावून बघायचं. रात्री अकराला स्वतःच्याच गाडीत डोकावणारा माणूस पाहून शेजारचे एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी एकच सूर होता. "अहो, विझतो ना शेवटी? मग झालं तर!"

गॅरेजमध्ये नेलं की दिवा काटेकोर वेळेवर विझायचा. मेस्त्री आधी दिव्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. त्याचं निदान झालेलं असायचं, आणि ते गाडीचं नसायचं.

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांनी जिन्यातच गणित मांडलं. "दिवा ५ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे ०.४ अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. भाग द्या. सत्त्याऐंशी तास! साडेतीन दिवस जळू दे की." भागाकार बिनचूक होता. फक्त स्टार्टरला एका दमात शंभरावर अँपिअर लागतात, आणि अर्धी उतरलेली जुनी बॅटरी तेवढा दम काढत नाही, हे त्या गणितात नव्हतं. सकाळी किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून नुसतं कट्-कट्-कट् ऐकू आलं, तेव्हा ते मला कळलं. काका गॅलरीत चहा घेत होते. त्यांनी खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शेरा मारला, "बॅटरीच जुनी आहे हो तुमची!"

मेहुण्याचा तोडगा आणखी सोपा होता. दिव्याच्या बटणाला तीन जागा असतात : कायम चालू, कायम बंद आणि मधली दाराबरोबरची. "बंदवर ठेव, विषय संपला." संपला खरा. पण मग पावसात, अंधारात, मागच्या सीटच्या फटीत गेलेली घराची किल्ली मोबाईलच्या उजेडात शोधायची, आणि मोबाईल धरायला मेहुणा काही येत नाही.

शेवटी मी घड्याळ लावून बसलो. दिवा रेंगाळायचा तेव्हा दर वेळी बरोबर दहाच मिनिटं! आणि दिव्याआधी माझी ट्यूब पेटली. दिवा आळशी नव्हताच. गाडीचा असा समज होता की एखादं दार उघडं आहे. आणि बॅटरी उतरू नये म्हणून तिच्यातलं कंट्रोल युनिट दहा मिनिटं वाट बघून स्वतःच वीज तोडत होतं.

आता दार कुठलं? पूर्वी दाराच्या चौकटीत रबरी टोपीचं बटण असायचं; बोटानं दाबलं की निकाल. आता बऱ्याच गाड्यांत तो स्विच दाराच्या लॅचमध्येच दडलेला असतो. मग दार उघडं ठेवून लॅचचा आकडा स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा. टक्, पुन्हा टक्. गाडी फसते, तिला दार लागल्यासारखं वाटतं. तपासून झाल्यावर हँडल ओढून आकडा मोकळा करायचा. हे न करता दार ढकललं तर लोखंडावर लोखंड आपटतं आणि सोसायटीतली सगळी कुत्री उठतात.

चारही दारं निर्दोष सुटली.

"डिकी बघितली का?" बायकोनं विचारलं.

"डिकी म्हणजे काय दार आहे?" असं मी म्हणालो खरा, पण गाडीच्या लेखी ते पाचवं दारच. आकडा फिरवला, दिवा ढिम्म. बाहेरून डिकीवर थाप मारली की विझायचा, आणि स्पीडब्रेकरवरून गाडी आणली की पुन्हा हजर.

या वेळी पुरावा घेऊनच गॅरेज गाठलं. मेस्त्रीनं थाप मारून खात्री केली, लॅच खोलला आणि आतून ग्रीसमध्ये मुरलेला एक करडा लगदा खरवडून काढला. बोटांत चोळला. नाकाशी नेला.

"गिरणीतून दळण डिकीतूनच आणता का?"

"हो."

"ज्वारी आहे."

ही पुढे झाली, चष्मा वर केला. "छे! ज्वारी कुठली? भाजणी आहे ती. थालीपिठाची. धणे दिसत नाहीत का?"

मेस्त्रीनं पुन्हा वास घेऊन मान डोलावली. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला, लॅच बसवला, साडेतीनशे रुपये घेतले आणि हिला विचारून भाजणीचं प्रमाण बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. ते बिल त्याच्याकडेच राहिलं.