मोशेच्या डोक्यावरची शिंगं

जुन्या चित्रांत बायबलमधल्या मोशे या संदेष्ट्याच्या डोक्यावर शिंगं दिसतात. तुमच्या लेखात त्या शिंगांना 'चित्रकाराचं अज्ञान' म्हटलंय, ते पटलं नाही. चित्रकार आपल्यासमोरच्या बायबलच्या शब्दांशी प्रामाणिकच होते.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात मोशे सिनाय पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याबद्दल 'करन' हे हिब्रू क्रियापद येतं. त्याचं नातं 'केरेन'शी, म्हणजे शिंगाशी. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतराने त्याचा तेजाचा अर्थ घेतला. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने इ.स. ४०० च्या सुमारास त्यासाठी 'कॉर्नुटा', म्हणजे शिंगं असलेला, असा शब्द योजला. यालाही सरसकट चूक म्हणणं मला घाईचं वाटतं, कारण बायबलमध्ये शिंग हे सामर्थ्याचं चिन्ह आहे.

अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या इंग्रजीतल्या बायबलच्या हस्तलिखितात (सध्या ब्रिटिश लायब्ररीत) मोशे शिंगांसह दिसतो. ही या प्रकारची सर्वांत जुनी ज्ञात चित्रं मानतात. आणि ती शिंगं जनावरासारखी नाहीतच! एखादं शिरस्त्राण चढवावं तशी दिसतात. जेरोमनंतर सहाशे वर्षं हे कुणी रंगवलं नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटतं. पुढे मायकेलअँजेलोने घडवलेल्या रोममधल्या मोशेच्या पुतळ्यालाही तीच शिंगं आली. कृपया लेखात एवढी दुरुस्ती करावी.