टायमर नंतर, आधी कागद हातात द्या
मुलांकडून आकृत्यांवरच्या बुद्धिमत्तेच्या प्रश्नांची तयारी कशी करून घ्यायची यावरच्या या लेखात पहिल्या दिवसापासून टायमर लावून वर्कशीट्स सोडवून घ्या म्हटलंय, ते नाही पटलं, मुलं मग अंदाजपंचे टिक करत सुटतात. आधी कागदाचा इंग्रजी एफ कापून हातात द्या, टेबलावर कितीही गोल फिरवला तरी तो आरशातल्या एफसारखा होत नाही, त्यासाठी उचलून पालथाच घालावा लागतो, हे स्वतः करून बघितलं की फिरवलेली आकृती आणि आरशातली प्रतिमा यातला गोंधळ खूप कमी होतो. घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, अशा प्रश्नांना पण खरा कागदच घ्या. आकृत्यांची मालिका देऊन पुढची आकृती विचारली असेल तर एका वेळी एकच गोष्ट बघायची, बाजू किती, मग रंगवलेला भाग कुठे सरकतोय, मग दिशा. आणि उत्तर बरोबर आलं तरी बाकीचे पर्याय का चुकीचे हे मुलाकडूनच वदवून घ्या प्लीज.