नाईट मिळाली पाहिजे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वस्त्यांमधल्या 'वाया चाललेल्या' पोरांसाठी नाट्यशिबिरं सुरू होतात. कुठल्यातरी कंपनीचा निधी, थोडे खेळ, शेवटच्या दिवशी व्यसनमुक्तीवर पथनाट्य, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. सोमवारी पोरं परत कट्ट्यावर. मी स्वतः अशा शिबिरांत शिकवायला जातो, त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितोय.

शिबिरं वाईट असतात असं नाही. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. त्यातली मुलं आपल्याच वस्तीतले विषय घेऊन नाटिका बसवतात. वर्गात तोंड न उघडणारं पोरगं स्टेजवर कसं खणखणीत बोलतं, हे असल्या ठिकाणी कळतं. पण दहावीला नापास झालेला, शाळेचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा घरी गेला की आई विचारते, "पैसे किती दिले?" तिचं काय चुकलं?

आपण सगळ्यांना नट करायला निघतो, इथेच घोळ आहे. नाटकाला नट लागतात मोजके. नेपथ्य लावणारे, लाइटवाले, साउंडवाले, रंगभूषा, कपडेपट आणि प्रॉपर्टी (म्हणजे प्रयोगात वापरायच्या वस्तू) सांभाळणारे प्रत्येक प्रयोगाला लागतातच. आणि व्यावसायिक नाटकात त्यांना प्रयोगागणिक नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते.

एका शिबिरात एक पोरगा अभिनयाचे खेळ चालू असताना कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायचा. लाइटवाल्याकडे माणूस कमी होता म्हणून याला शिडी धरायला बोलावलं. थोड्याच दिवसांत हा शिडीवर आणि आम्ही खाली. मी म्हटलं, "स्पॉट जरा डावीकडे घे." वरून उत्तर आलं, "सर, डावीकडे घेतला तर विंगेत उजेड जातोय. बार्नडोअर लावू का?" बार्नडोअर म्हणजे लाइटला लावायच्या, उजेड अडवणाऱ्या झडपा. निबंधाच्या चार ओळी न लिहिणाऱ्या या पठ्ठ्यानं संहितेच्या समासात पेन्सिलीनं क्यू, म्हणजे लाइट बदलायचे इशारे, लिहून काढले होते: कुठल्या वाक्याला कुठला डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण), किती आकडे मोजत उजेड फेड, म्हणजे हळूहळू कमी, करायचा. शेकडेवारीत नापास, पण 'तीस टक्क्यांवर ठेव' म्हटलं की बरोबर तीसवर ठेवणार. वेळ पाळण्यावर त्याला कुणी व्याख्यान दिलं नाही. तिसरी घंटा कुणासाठी थांबत नाही, एवढं त्याला एका प्रयोगात समजलं.

शाळेत चूक झाली की मार्क जातात, ते कळायलाही महिना लागतो. इथे क्यू चुकला की नट अंधारात बोलत राहतो. चूक तिथल्या तिथे दिसते आणि पुढच्या प्रयोगाला सुधारताही येते. शाळेला कंटाळलेली पोरं इथे रमतात ती बहुतेक यामुळेच.

आता कुणी म्हणेल, या धंद्याचा काय भरवसा? खरंय. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि सगळ्यात आधी चूल विझली ती बॅकस्टेजवाल्यांची. म्हणूनच एकट्या नाटकावर विसंबू नका. जोडीला आयटीआय करायला लावा. वायरमनच्या ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो. हातात वायरिंग असलं की गणपतीचे मंडप, लग्नाचे हॉल, शूटिंग, कुठेही काम निघतं.

आणि 'अनुभव मिळतोय ना' म्हणत पोरांना फुकट राबवणं आधी थांबवा. रात्री दोन वाजता टेम्पोत सेट चढवणाऱ्या मुलाला वडापाव आणि शाबासकीवर घरी पाठवणारे, क्रांतीची नाटकं करणारे लोक मी पाहिलेत. उंचीवर चढवता, तर सेफ्टी बेल्टही द्या.

पुढच्या सुट्टीत शिबिर घेणाऱ्यांनी एक करून बघा. टी-शर्ट, फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचा खर्च बाजूला काढा, आणि त्या पैशातून निदान दोन पोरांना हंगामभर एखाद्या चांगल्या लाइटवाल्याच्या किंवा नेपथ्यकाराच्या हाताखाली ठेवा, नाईट देऊन. पुण्यात कुणाला असा माणूस हवा असेल तर मला कळवा. माझ्याकडे पोरं आहेत.