एका वहीसाठी सव्वा तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'कंटाळलेला प्रेक्षक' असं नाव घेऊन तुम्ही लिहिलंत, म्हणून त्याच नावानं तुम्हाला ओळखते. इराणी सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप होते. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. पहिला असा, की हे सिनेमे गरीब पोरांचे गोंडस चेहरे दाखवून युरोपातल्या परीक्षकांना विरघळवायला काढलेले असतात. "एका वहीसाठी सव्वा तास धावणारं पोर, आणि बाई म्हणतात महान कलाकृती!" हे तुमचंच वाक्य. दुसरा आक्षेप माझ्या एका विधानावर होता. 'सेन्सॉरच्या जाचामुळेच इराणी सिनेमा मोठा झाला' असं मी लिहिलं होतं. पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या तुरुंगाचं कौतुक करणं सोपं असतं, असं तुमचं म्हणणं.

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण दुसरा आक्षेप झोंबला. पहिल्यावर मात्र मी भांडणार आहे.

ते वहीचं पोर म्हणजे इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीच्या १९८७च्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?'मधला अहमद. गाव कोकेर, इराणच्या उत्तरेकडचं. शेजारी बसणाऱ्या मुलानं गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला, म्हणून मास्तर तो कागद सगळ्या वर्गासमोर फाडतात आणि पुन्हा असं झालं तर शाळेतून काढीन म्हणतात. घरी आल्यावर अहमदला कळतं, की त्या मुलाची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. मुलगा राहतो पलीकडच्या पोश्तेह गावात. अहमद आईला सांगायला जातो. आई धुण्यात गुंतलेली. 'अभ्यास कर.' अगं, पण ही त्याची वही! 'आधी अभ्यास कर.' मास्तर त्याला काढून टाकतील! 'बाळाकडे बघ जरा.' तो दोन्ही वह्या तिच्यासमोर धरतो, बघ, सारख्याच दिसतात म्हणतो. ऐकू तिला सगळं येतं, ती ऐकत मात्र काहीच नाही.

आता मला सांगा, यात गरिबीचं प्रदर्शन कुठे आहे? घरं साधी आहेत, कबूल. पण इथे कुणी उपाशी नाही, कुणी औषधावाचून तडफडत नाही. सिनेमाचा विषय आहे तो आज्ञापालनाचा. मध्येच अहमदचे आजोबा त्याला अडवतात आणि सिगरेटी आणायला पिटाळतात. सिगरेटी त्यांच्याजवळ असतात! शेजारी बसलेल्या माणसाला ते सांगतात, की पोराला वळण लागावं म्हणून हे. मग स्वतःच्या लहानपणाची गोष्ट : वडील दर आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि दर पंधरवड्याला मार. नाणं कधीमधी विसरायचे, मार कधीच विसरले नाहीत. ऐकणारा विचारतो, पोरानं काही चूकच केली नाही तर? तर निमित्त शोधायचं, म्हणतात आजोबा. थट्टा नाही, अगदी शांतपणे. यात तुम्हाला गोंडसपणा दिसला असेल तर आपण दोन वेगळे सिनेमे बघितले. मी पट्टीचे वळ घेऊन चौथी पास झालेली आहे, मला ते आजोबा ओळखीचे वाटले.

आणि परीक्षकांचं म्हणाल, तर हा सिनेमा स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात पोचला १९८९मध्ये, म्हणजे तयार झाल्यावर दोन वर्षांनी. तो काढला होता 'कानून' या संस्थेनं. मुलांच्या बौद्धिक विकासासाठी १९६५ साली, इराणचा राजा शहा याच्या काळात, ती सुरू झाली होती. किआरोस्तामी तिथे नोकरीला होता. पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत वाट अडवणारं कुत्रं, एवढ्यावरच त्यानं १९७०मध्ये पहिला लघुपट केला. परदेशात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि इराणमधली १९७९ची इस्लामी क्रांती व्हायला अजून नऊ वर्षं होती. त्याच्या सिनेमांत मुलं आली ती नोकरीतून, सेन्सॉरच्या जाचातून नव्हे. माझं ते सेन्सॉरचं वाक्य इथेही खोटं पडतं, हे मला हा परिच्छेद लिहिताना कळलं.

दुसरा इराणी दिग्दर्शक माजिद मजिदी, त्याच्या बाबतीत मात्र तुमच्याशी निम्मी सहमत. त्याच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट मिळणार असतात आणि बुटांसाठीच धावणारा पोरगा पहिला येऊन रडतो, तिथे दिग्दर्शक आपल्या डोळ्यांसमोर कांदा चिरतो. मी दोन्ही वेळा रडले. तरीही तो कांदाच.

आता दुसरा आक्षेप. तुमचं बरोबर आहे.

जाफर पनाही या इराणी दिग्दर्शकाला २०१०मध्ये सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमा करायला बंदी अशी शिक्षा झाली. घरात अडकलेल्या अवस्थेत त्यानं एका मित्राच्या मदतीनं 'धिस इज नॉट अ फिल्म' केला. त्यात तो दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चिकटपट्ट्या लावतो : ही खोली, ही खिडकी, इथे ती मुलगी बसेल. परवानगी न मिळालेल्या पटकथेतला प्रसंग तो हातवारे करून समजावतो. आणि मधेच थांबतो. सिनेमा असा सांगूनच भागत असेल तर मुळात करायचा कशाला, असं काहीसं म्हणतो आणि उठून जातो. गालिच्यावर पट्ट्या तशाच. हे दृश्य मी लेखात 'कल्पकतेचा विजय' म्हणून सांगितलं होतं! तो माणूस हरल्याचं कबूल करत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

मला म्हणायचं होतं ते इतकंच : क्रांतीनंतरच्या नियमांमुळे पडद्यावरच्या बाईला स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोरही, डोकं झाकावं लागतं. हे खोटं दिसतं म्हणून किआरोस्तामी घरातले प्रसंग टाळायचा आणि माणसं रस्त्यावर, मोटारीत आणून बसवायचा. मोटारीतल्या त्या गप्पा मला आवडतात. पण त्या आवडतात म्हणून कुलूप लावणाऱ्याचे आभार मानायचं कारण नव्हतं. 'जाचामुळेच'च्या जागी 'जाच असूनही' करून भागणार नाही, तेही फार गुळगुळीत होतं. वाक्य लेखातून काढत नाही, त्यावर काट मारून ठेवते. नाहीतर तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते कुणाला कळायचं नाही.

राहता राहिला कंटाळा. तुम्ही लिहिलंय, की 'तो दारं बनवणारा म्हातारा आल्यावर मी सिनेमा पुढे पळवला.' अहो, तिथेच पळवलात! अंधार पडलाय, अहमदला घाई आहे, आणि म्हाताऱ्याला भरभर चालवत नाही. वाटेत तो स्वतः केलेली लाकडी दारं-खिडक्या दाखवतो. लोक आता लोखंडी बसवतात, म्हणतो. खिडक्यांच्या जाळीतून आतला उजेड भिंतींवर पडलेला असतो. पोरगा पुढे जातो, थांबतो, मागे येतो. शेवटी म्हातारा त्याला चुकीच्याच घरापाशी आणतो. अहमदला ते कळतं, पण म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून तो वही शर्टात लपवतो आणि काम झाल्यासारखा परत फिरतो. त्याच वाटेवर म्हातारा त्याला एक छोटं फूल देतो, वहीत ठेव म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर ती वही उघडतात तेव्हा पानात जे दिसतं, ते कुठून आलं हे तुम्हाला कळलं नसणार.