उंची शंभर मीटर, सगळीच्या सगळी खरी

उंचीची भीती असलेल्या माणसाने कोकणात जन्म घेऊ नये. घाटावरच्या लोकांना वाटतं, कोकण म्हणजे पुळण, नारळीच्या बागा, सगळं कसं सपाट. त्यांनी आमच्या चौलच्या वाडीतली सुपारी उतरवताना पाहिलेली नाही. पाडेली पायात दोरीचा फास अडकवून पोफळीवर चढतो, शेंड्याशी पोचला की झाड हलवत हलवत झोका घेतो आणि हात लांबवून शेजारची पोफळ पकडतो. तिथून पुढची. जमिनीला पाय न लावता अर्धी वाडी पालथी घालतो. त्याच वाडीत मी ट्यूब बदलायला स्टुलावर चढतो तेव्हा स्टूल बायकोने धरायचं असतं, आणि बायको भिंतीला टेकून नीट उभी आहे ना, हे आधी बघून घेतो.

इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण भित्रा माणूस कामसू असतो. कुठे चढायची वेळ आली की मी गाडीजवळ थांबतो. चपला राखतो, पाण्याच्या बाटल्या भरून आणतो, जेवणाची ऑर्डर देऊन ठेवतो. मंडळी वरून दमून येतात तेव्हा पानं वाढलेली असतात. सासरी त्यामुळे माझा लौकिक आहे: जावई फार समजूतदार. त्यात समजूत किती आणि पोटातला गोळा किती, हा हिशेब कुणी कधी मागितला नाही.

मागितला तो सासूबाईंनी, तोही न मागता. डिसेंबरात मेहुणा बायकामुलांसह पुण्याहून आला होता. कोर्लईला जायचं ठरलं. मी चपला राखायच्या तयारीत, तोच सासूबाई साडीचा पदर खोचत म्हणाल्या, "मी पण येणार वरती. काठी घेते." सत्तरी ओलांडलेली सासू किल्ला चढणार असेल तर जावयाने पायथ्याशी बसून बाटल्या कुठल्या तोंडाने भरायच्या?

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई हाकेच्या अंतरावर. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे एक लांबट डोंगर पाण्यात घुसलाय आणि त्याच्या पाठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, किल्ला. पोर्तुगीजांनी १५९४ साली तो निजामशाहीकडून लढून घेतला. खालच्या गावात आजही पोर्तुगीजांच्या भाषेतून आलेली बोली घराघरांत बोलतात. दीपगृह मात्र डोंगराच्या माथ्यावर नाही, किल्ल्याच्या खाली आहे. एवढा उंच माथा हाताशी असताना ते तिथे का बांधलं, हे मंडळींना कळेना. मला ताबडतोब कळलं. जागा निवडणारा आमच्यातला होता.

"अहो, जेमतेम शंभर मीटर तर आहे," बायको म्हणाली. "महाबळेश्वरला काय करत होतात?"

महाबळेश्वरला मी काहीच करत नव्हतो, कारण तिथे भिण्यासारखं काही नव्हतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आहे हे मी मान्य करतो, पण ती समुद्रसपाटी तिथे कुणी पाहिलीय? ती राहिली शेकडो मैल नाही तरी बरीच लांब, धुक्यात. बाजारात चणे खात फिरणाऱ्याला आपण तेराशे मीटरवर आहोत हे सरकारी पाटीवर वाचूनच कळतं. ती नुसती कागदोपत्री उंची. कोर्लईला समुद्रसपाटी समोर हजर असते, लाटांसकट. त्यामुळे शंभर मीटर म्हणजे शंभरच्या शंभर मीटर, एक वीतही उधारीची नाही.

दीपगृहाच्या मागून पायऱ्या निघतात. पहिल्या दहाबारा पायऱ्यांत माझ्याभोवती सल्लागार मंडळ स्थापन झालं. उंचीची भीती हा असा एकमेव आजार आहे की ज्याचं औषध प्रत्येकाला ठाऊक असतं आणि ते सगळ्यांचं एकच असतं: खाली बघू नका. कोर्लईचा डोंगर इतका अरुंद की डावीकडे बघावं तर खाली समुद्र, उजवीकडे बघावं तर खाली खाडी. वर बघितलं तर पायरी चुकते. उरला मेहुण्याचा उजवा बूट. त्याची टाच बाहेरच्या बाजूने घासली आहे, नाडीच्या एका टोकाचं प्लॅस्टिक गेलंय आणि शिवणीत एक कुसळ अडकलंय, हे मी आजही शपथेवर सांगेन. लोकांना विचाराल तर त्यांना कोर्लईहून रेवदंड्याची नारळीची रांग दिसली, होड्या दिसल्या.

मेहुणा फोटोसाठी थांबला की बूट थांबायचा, मग मीही.

"भावोजी, दृश्य बघा ना!"

"तू चाल."

आमची लेक फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची मुलं आणि नवे भक्त, दोघांनाही गिऱ्हाईक लागतं. तिने मला एका पायरीवर बसवून सांगितलं, की बाबा, यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस नुसता उभा असला तरी जरा जरा डुलतच असतो. जवळच्या वस्तू किती हलल्या ते डोळे बघतात, कानाच्या आतला तोलाचा अवयव आपलं मत देतो, तळपायही कळवतात, आणि मेंदू तोल सावरून घेतो. उंचावर कडेला उभं राहिलं की जवळ काही नसतंच. सगळं लांब. लांबची वस्तू आपल्या डुलण्याने हललेली दिसत नाही, म्हणून डोळ्यांची मदत तुटते आणि माणूस खरोखरच जास्त डुलतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे मी उगाच भीत नव्हतो, मला खरंच पडण्याची जास्त शक्यता होती.

मग तिने गिब्सन आणि वॉक या दोघांचा १९६० सालचा प्रयोग काढला. एका टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात ते कापड पार खाली जमिनीवर, म्हणजे बघणाऱ्याला दरीच. मध्ये एका फळीवर रांगती बाळं ठेवली आणि त्यांच्या आयांना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हाका मारायला लावल्या. छत्तीस बाळांपैकी सत्तावीस उथळ बाजूवर गेली. खोल बाजूवर जायला तयार झाली ती फक्त तीन. "बघा, रांगत्या बाळांनाही कळतं!" लेक म्हणाली.

सासूबाई काठीवर हनुवटी टेकून सगळं नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तीन गेली ना!"

उठलो. पुढे दरवाजा आला, मग आणखी एक दरवाजा. दरवाजे मला आवडले. दोन्ही बाजूंना भिंत, वर छत, माणसाने बांधावं तर असं. मी प्रत्येक दरवाज्यात इतका वेळ रेंगाळलो की मेहुण्याच्या बायकोला वाटलं, मी बांधकाम बघतोय. आत शिरल्यावर मात्र किल्ल्याने रंग दाखवला. तटबंदी जागोजाग ढासळलेली, काही ठिकाणी तर गुडघ्याएवढीच उरलेली. गुडघ्याएवढा कठडा माणसाला अडवत नाही, पलीकडे जाताना फक्त अडखळवतो. त्यात डिसेंबरातलं वाळलेलं गवत. दिसायला सोनेरी, पायाखाली तेल.

भाचा सात वर्षांचा. तो तटावरून "आतोबा, इकडे या, मासेवाल्याची होडी!" म्हणून हाका मारू लागला. गिब्सन आणि वॉक यांना ही आई सुचली नव्हती. मी चार पावलं गेलो, वारा आला, सदरा फुगला, आणि मला खात्री पटली की आता मी सदऱ्यासकट रेवदंड्याला पोचणार. शेजारी एक जुनी तोफ होती. मी तिला मिठी मारली. उन्हाने तापलेलं लोखंड, गालाला गंजाची भुकटी, आणि माझ्या नाकासमोरून तोफेच्या पाठीवरून चाललेली मुंग्यांची रांग. शत्रूवर मारा करायला आणलेल्या तोफेने एका माणसाला धरून ठेवलं. बाकीची मंडळी किल्ल्याच्या टोकापर्यंत गेली, टाकं बघून आली, चर्चचे पडके अवशेष बघून आली. मी आणि मुंग्या तिथेच.

चढणं हा अर्धाच प्रश्न असतो, हे कुणी सांगत नाही. चढताना निदान दरी पाठीमागे असते, उतरताना ती समोर येऊन वाट बघते. मेहुण्याचा बूटही आता कामाचा नव्हता, कारण बुटाच्या पलीकडे थेट समुद्र. मी एका पायरीवर बसलो, मग खालच्या पायरीवर बसलो, मग त्याच्या खालच्या. ही पद्धत संथ आहे पण तिच्यात पडण्याची भीती नाही, कारण माणूस आधीच पडलेला असतो. वर चढणारी कॉलेजची मुलं बाजूला होऊन वाट देत होती. एकाने "काका, काही लागलं का?" असं विचारलंही.

सासूबाई माझ्यामागून येत होत्या. त्यांनी खांद्यावर काठी टेकवली. "घ्या. मला नको आता." मी उठलो, काठी घेतली, आणि उरलेल्या पायऱ्या माणसासारखा उतरलो. खाली मेहुण्याच्या बायकोने विचारलं, "आईंची काठी भावोजींकडे कशी?" सासूबाई चप्पल झटकत म्हणाल्या, "जड झाली होती गं. जावयाने घेतली." लौकिक शाबूत.

रात्री फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आले. फोटोत उंची येत नाही, ही माझी जुनी तक्रार. मी जिथे मरणाच्या दारात होतो ती जागा फोटोत शाळेच्या मैदानाइतकी सपाट दिसत होती आणि मी तोफेवर गाल टेकून डोळे मिटून पहुडलो होतो. लगेच मामेसासऱ्यांचं आलं, "जावईबापू निवांत!" मावससासूबाईंनी लिहिलं, "इतिहासाशी किती एकरूप." पाठोपाठ मेहुण्याने जाहीर केलं, की भावोजींना किल्ल्यांची एवढी गोडी असेल असं माहीत नव्हतं, तर पुढच्या सुट्टीत सागरगड करू. चारशे मीटरच्या वर आहे, शेजारी सुटा सुळकाही आहे, भावोजींना आवडेल.

त्यावर सगळ्यांत आधी अंगठा आला तो सासूबाईंचा.