लिव्हिंगस्टनला उचलून आणणारी शरणपूरची पोरं

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते संतमाणूस, दुसरी म्हणते धर्मांतराचा एजंट, आणि मग तीनशे कॉमेंट होईपर्यंत कोणी थांबत नाही. मला दोन्हींचा कंटाळा आलाय. कारण तो माणूस रोज खायचा काय, त्याचं सामान कोण उचलायचं, आजारी पडला की उशाशी कोण बसायचं, हे दोन्हीकडचे कोणीच विचारत नाहीत. आणि आफ्रिकेतला सगळ्यात गाजलेला मिशनरी जो डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या बाबतीत या प्रश्नांचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट नाशिकला शरणपूर रोडवर येऊन पोचतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी धर्मांतराचा हिशोब उरकून टाकू. लिव्हिंगस्टनच्या नावावर सांगण्यासारखा बाप्तिस्मा एकच, आफ्रिकेतल्या बक्वेना जमातीचा राजा सेचेले, १८४८ सालचा, आणि तोही काही महिन्यांत सोडलेल्या जुन्या बायकोकडे गेला म्हणून साहेब नाराज. त्यामुळे तो वाद इथे घालण्यात अर्थ नाही. माणूस पुढे पायी फिरला, नकाशे काढले आणि गुलामांच्या व्यापाराबद्दल लिहिलं.

शेवटच्या सफरीची तयारी त्याने मुंबईत केली. त्या वेळी शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचं आफ्रिकन मुलांचं वसतिगृह होतं. अरबांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही पोरं, आईबाप कुठे कोणाला पत्ता नाही, त्यांना इथे आणून लिहायला वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे, आणि नावंही इथेच मिळाली, एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस वगैरे. त्यातले नऊ जण लिव्हिंगस्टनने निवडले, सोबत मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, आणि ऐका, उंट, खेचरं, गाढवं आणि म्हशी पण घेतल्या! हो, म्हशी. त्सेत्से माशी चावली की आफ्रिकेतली गुरं मरतात, तर हिंदुस्थानची म्हैस टिकते का ते बघायचं होतं त्याला. जानेवारी १८६६ मध्ये हा सगळा कुटुंबकबिला मुंबईहून झांझिबारला निघाला. म्हशी टिकल्या नाहीत, पण त्यात माशी किती आणि शिपायांची मारहाण किती हे त्याचं त्यालाच कळेना. शिपायांनाही त्याने त्याच वर्षी परत पाठवलं.

आता रोजचं आयुष्य कसं होतं ते बघा. १८६७ च्या जानेवारीत पळून गेलेल्या हमालांनी औषधांची पेटीच नेली. क्विनाइन गेलं. मलेरियाच्या मुलखात डॉक्टर स्वतःच औषधाविना, ही मृत्यूची शिक्षाच झाली असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच महिन्यात पाळलेला कुत्रा बुडाला. शेळ्या गेल्या म्हणजे दूध गेलं, आणि दात पडत चाललेले, त्यामुळे मक्याची कणसं चावणं मुश्किल. कागद संपला तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांवर आडवं लिहायचा, शाई झाडाच्या रसाची. चिडचिड तर इतकी की नाशिकची पोरं आळशी आहेत, चोर आहेत, असं पानोपानी लिहिलंय. काही खरंच पळाली पण. मला यात त्या पोरांचा फार राग येत नाही, एकदा गुलाम म्हणून विकले गेलेले, कसेबसे सुटलेले, त्यांना परत त्याच गुलामांच्या वाटेवरून चालवत नेलं तर विशी-बाविशीतला पोरगा पळणार नाही तर काय करणार?

आणि हलीमा! लिव्हिंगस्टनचा नोकर अमोडा, त्याची बायको, स्वयंपाक हिच्याकडे. एकदा भांडून निघून गेली, परत आली, तेव्हा लिव्हिंगस्टनने वहीत तिची तोंडभरून स्तुती केली आणि झांझिबारला हिला घर आणि बाग घेऊन द्यायची असं ठरवून टाकलं. (ते पूर्ण करायला तो राहिलाच नाही, पण निदान कोणाच्या हातचं खातो हे कळत होतं माणसाला.)

लिव्हिंगस्टनला शोधत आलेला अमेरिकन वर्तमानपत्राचा बातमीदार स्टॅनली भेटून परत गेला आणि १८७२ मध्ये त्याने झांझिबारहून ताजी माणसं धाडली. त्यात शरणपूरची आणखी सहा पोरं होती. जेकब वेनराइट त्यातलाच, चांगलं इंग्रजी लिहिणारा. बांगवेउलू तळ्याच्या दलदलीत पाऊस, जळवा, छातीइतकं पाणी. साहेबाला आधी खांद्यावर, मग डोलीत घालून नेत होते. २७ एप्रिल १८७३ ची शेवटची नोंद काय आहे माहितीये? पार थकलोय, थांबलोय, दुभत्या शेळ्या विकत आणायला माणसं पाठवलीत. मरणाच्या दारात माणूस देवाधर्माचं काहीतरी भव्य लिहील अशी आपली अपेक्षा, आणि इथे शेळीचं दूध. मला तर हीच नोंद सगळ्यात खरी वाटते.

चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात त्याच्यासाठी झोपडी बांधली. रात्री त्याने त्याचा जुना नोकर सुसी याला विचारलं, लुआपुला नदी किती दिवसांवर आहे? सुसी म्हणाला तीन दिवस, ब्वाना. १ मे च्या पहाटे बघितलं तर बिछान्याशी गुडघे टेकलेला, गार पडलेला.

इथून पुढे जे झालं ते कोणत्याही गोऱ्या माणसाच्या हुकुमाने झालेलं नाही. तिथेच पुरून, पगार बुडाला म्हणून हळहळत घरी जाता आलं असतं. सुसी, त्याच्यासारखाच जुना नोकर चुमा आणि बाकीच्यांनी बसून ठरवलं की देह समुद्रापर्यंत न्यायचा. झांझिबारच्या एका डॉक्टरकडे नोकर असलेल्या फरिजालाने शरीर उघडलं, काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मीठ लावून पंधरवडाभर उन्हात देह वाळवला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचं कापड शिवलं. सामानाची यादीसुद्धा जेकबनेच केली. मग नऊ महिने पायी, हजार मैलांच्या वर. वाटेत उन्यानयेंबेला लिव्हिंगस्टनच्या मदतीला निघालेला इंग्रज लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला, म्हणाला इथेच पुरा. ऐकलं नाही. पुढे कासेकेरात लोक प्रेत गावातून न्यायला विरोध करणार असं दिसलं, तर काही जणांनी प्रेत परत नेतोय असं नाटक केलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून सरळ पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारी बागामोयो.

तिथे इंग्रजांच्या प्रतिनिधीने पगार देऊन सगळ्यांना मोकळं केलं. आभार, निघा! देहाबरोबर बोटीवर गेला तो एकटा जेकब, त्याचं भाडं मिशनने भरलं. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा नंतर पोचले, अंत्यविधी हुकला. थडग्याच्या दगडावर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला भूमी आणि सागर ओलांडून इथे आणलं. हात कोणाचे ते लिहायला दगडावर जागा उरली नसावी!

म्हणून मला म्हणायचंय की आफ्रिकेतला मिशनरी म्हणून कोणाचा फोटो लावायचाच असेल तर जेकबचा लावा. हा माणूस लंडनमध्ये मिरवून परत आफ्रिकेत गेला, मिशनची कामं करत राहिला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. त्याचाच सोबती मॅथ्यू वेलिंग्टन, तोही शरणपूरचा, मोंबासात १९३५ पर्यंत जगला. शरणपूर चालवणारे प्राइससाहेब पुढे मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवायला गेले तेव्हा तिथे शिक्षक, सुतार, लोहार म्हणून उभी राहिली ती मुंबई-नाशिकचीच आफ्रिकन माणसं. तिथल्या गोऱ्या मिशनऱ्यांना मात्र ही जरा जास्तच शिकलेली वाटायची, पगारावरून आणि मानावरून खटके उडायचे. शिकवायचं आपणच आणि शिकला की डोळ्यात खुपायचा, हे काय आपल्याला नवीन आहे का!

जेकबची डायरी स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या म्युझियममध्ये आहे, आता ऑनलाइन पण वाचता येते. नाशिकमधल्या शाळांनी आठवी-नववीच्या पोरांना त्यातली दोन पानं वाचायला द्यायला काय हरकत आहे? आणि कॅनडा कॉर्नरला एवढे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यात एखादा कायमचा बोर्ड या पोरांच्या नावांचा लागू दे की. पहिले नऊ आणि नंतरचे सहा, सगळी नावं नोंदलेली आहेत. बोर्डाची वर्गणी मी पहिली भरतो, बाकी कोण कोण आहे बोला.