आजी तोंडाला काही लावत नव्हती, हे खरंच आहे

दादा,

नावाच्या जागी तुम्ही ‘निफाडचा बागायतदार’ एवढंच लिहिलंय, म्हणून दादाच म्हणते. सनस्क्रीनवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. हे सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. तुमची आजी जन्मभर रानात राबली, तोंडाला कधी काही फासलं नाही, तरी कातडी शेवटपर्यंत तुकतुकीत होती. आणि आपण मुळात सावळे, आपल्याला ऊन काय करणार! वर एक टोमणा: ‘कॉलेज रोडवर एसीत बसून आम्हाला ऊन शिकवू नका.’

टोमणा बरोबर बसला. लेख पुन्हा वाचला तेव्हा मलाच हसू आलं. दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम घ्या, दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं मी लिहून मोकळी झाले. द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घड विरळायला आलेली पेठ-सुरगाण्याची बाई दर दोन तासांनी हात धुऊन तोंडाला क्रीम लावणार आहे का? चार-पाचशेची ट्यूब दिवसातून दोनदा नीट लावली तर महिनाभरही पुरत नाही, हे माझ्याच मेडिकलच्या काउंटरवर मी रोज बघते. तो लेख ऑफिसात जाणाऱ्यांसाठी होता आणि तसं मी सांगायला हवं होतं.

पण आजीचं थोडं थांबून बघू. लुगड्याचा पदर कपाळाच्या पुढे ओढलेला, चोळीची बाही कोपरापर्यंत, पहाटे कामाला सुरुवात आणि भर दुपारी बाभळीखाली भाकरी. तोंडाला काही लावलं नाही, पण ऊन अंगावर येऊच दिलं नाही. आज तुमच्या बागेतल्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, स्कार्फ असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसतात. त्यांना एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा, कोणी शिकवला नाही, तरी माझ्या लेखापेक्षा त्यांचंच बरोबर आहे. फक्त कपडा बघून घ्यावा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा ऊन चांगलं अडवतो. धुऊन धुऊन विरलेला, घामाने भिजलेला पांढरा सुती कपडा बरंच आत सोडतो. द्राक्षाच्या पानांचा मांडव भरलेला असतो तोवर सावली तरी मिळते. एप्रिलच्या खरड छाटणीला मांडव बोडका होतो आणि ऊन सगळ्यात कडक असतं, तेव्हा मात्र डोक्यावर रुंद काठाची टोपी हवी.

सावळेपणाचं म्हणाल तर अर्धं तुमचं खरं. कातडीला रंग देणारं मेलानिन आपल्याला बरंच सांभाळतं, त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांच्या तुलनेत आपल्याकडे कमी आहे. पण तेच मेलानिन वांग उठवतं, आणि मुरूम गेला तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने ठेवतं. वांग असेल तर साध्या उजेडानेही तो गडद होतो, म्हणून त्यावर रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन द्यावं लागतं. गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडतो तो यामुळेच: बाजूची साधी काच उन्हातले कातडी भाजणारे यूव्हीबी किरण बहुतेक अडवते, काळवंडवणारे यूव्हीए आत येऊ देते.

आणि कंपन्यांचं खूळ? आहे ना. पुरेसं जाड लावलं तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा ट्यूबवर ‘PA’ या अक्षरांपुढे अधिकच्या (+) खुणा किती आहेत ते बघा, यूव्हीएचा हिशेब तिथे असतो.

माझ्या काउंटरवर खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ट्यूबमुळे. लग्नसराई आली की मुली ‘ती गोरं करणारी’ मागायला येतात. त्यात स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली चढते, गालावर लव येते, आणि थांबवलं की आग आग होते. गजकर्णावर तेच लावलं तर खाज थांबते आणि बुरशी खालच्या खाली पसरते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी केली. त्याआधी मीही दिली आहेत, नवशिकी होते म्हणून. त्यातली एक मुलगी अजून दुकानासमोरून जाताना दुसरीकडे बघते.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, निफाडची थंडी मी तुम्हाला काय सांगणार. बंबातलं कढत पाणी आणि भरपूर साबण मात्र सोडा. कातडी किंचित आम्ल असते, साबण चांगलाच अल्कली. कोमट पाणी घ्या, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. टाचांना रात्री जेली लावून वर मोजे घाला.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मी विचारणार. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायला पेस्ट लावता, ते हायड्रोजन सायनामाईड नावाचं रसायन. उन्हापेक्षा कितीतरी लवकर ते हात सोलतं, काहींच्या अंगावर पुरळ उठतं. त्या सुमारास दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं आणि छाती धडधडते, हे तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हाताला सुती मोजे नकोत, ते औषध शोषून कातडीलाच धरून ठेवतात. रबरी हवेत, अंगठ्यापाशी न फाटलेले. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, सुट्टी होईपर्यंत थांबायचं नाही.

गेल्या हंगामात तुमच्या बागेत पेस्ट लावणाऱ्या टोळीतल्या किती जणांच्या हातात असे मोजे होते, तेवढं कळवा.